साहेब मधोमध, आपण कुठे?

संस्थानिकांच्या वाड्यात, म्युझियमात असले फोटो अजून बघायला मिळतात. जाड लाकडी फ्रेम, पिवळा पडलेला कागद. मधोमध खुर्चीवर इंग्लंडचा राजपुत्र, बाजूला आपले राजेरजवाडे, मागं गोरे अंमलदार. खाली नावं, पदव्यांसकट. आपला माणूस बघतो, 'काय थाट होता!' म्हणतो आणि पुढं सरकतो. मित्रांनो, सरकू नका. असला फोटो पुस्तकासारखा वाचायचा असतो. त्यात लबाडी असते, ती उघडी पाडायची असते.

८ नोव्हेंबर १८७५ रोजी व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, 'सेरापिस' बोटीनं मुंबईला उतरला. हाच पुढं १९०१ मध्ये सातवा एडवर्ड म्हणून राजा झाला. चार महिने तो हिंदुस्थानभर हिंडला. दरबार, हत्ती, शिकार. बोर्न अँड शेफर्ड कंपनीनं या दौऱ्याचे फोटो काढले, त्यांचा अल्बम निघाला.

आता कॅमेऱ्याचं बघा. कॅमेरा बिचारा निष्पाप, समोर असतं तेच दाखवतो, असं आपले सौंदर्यवादी समीक्षक सांगतात. खोटं आहे. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच काळोख्या तंबूत धुवायचा. तोवर समोरच्यांनी काही सेकंद पुतळ्यासारखं बसायचं. जो हलला तो पुसट झाला. मग न हलता कोण बसेल? ज्याला काम नाही तो. पाणी वाहणारा, झाडू मारणारा, पंखा ओढणारा हलणारच. त्यातला एखादा स्थिर उभा केलाच, तर तो चवरी नाहीतर छत्री धरायला. आणि त्याचं नाव खाली नाही. तो तंबू, त्या काचा, ती रसायनाची पेटारी हमालांच्या डोक्यावरून आली. फोटो त्यांच्या मानेवर उभा आहे आणि फोटोत ते नाहीत.

रयतेचे फोटो इंग्रजांनी काढलेच नाहीत, असं नाही. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे ८ खंड निघाले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो. तिथं बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जात आहे, जमात आहे. राजाच्या फोटोखाली नाव आणि पदवी, रयतेच्या फोटोखाली जात. मनूनं पोथीत केलं, तेच या साहेबांनी काचेवर केलं.

पण हीच चौकट कधी कधी स्वतःच चुगली करते. १८७५ च्या एप्रिलात इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून खाली ओढलं. मे महिन्यात नाशिककडच्या कवळाणे गावातला, शेतकऱ्याच्या घरातला १२ वर्षांचा गोपाळ दत्तक घेऊन गादीवर बसवला. तोच सयाजीराव. राजपुत्र नोव्हेंबरात बडोद्याला आला, तेव्हा या पोराला राजा होऊन सहाच महिने झाले होते. त्या सुमाराचा त्याचा फोटो बघा. पोर दागिन्यांखाली दबून गेलंय. फोटो ओरडून सांगतो की राजा जन्मावा लागतो. फोटोतलं पोर सांगतं की खोटं आहे, राजा करता येतो. राजेपण जन्मानं येत नसेल, तर महारपण, मांगपण तरी जन्मानं कसं येतं?

याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. ते ऋण आपण मानतो. पण १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. राजा भला होता, पण चौकट तीच होती.

मग ही चौकट मोडायची कशी? ते जोतीबांनी दाखवून ठेवलंय. २ मार्च १८८८. याच राणीचा धाकटा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, तेव्हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी त्याला मेजवानी दिली. सगळे दागिने घालून आलेले. जोतीबा शेतकऱ्याच्या वेषात आले. भर सभेत त्यांनी ड्यूकला सुनावलं की ही नटलेली माणसं म्हणजे तुमची प्रजा नव्हे. खरी प्रजा बघायची तर खेड्यात चला, अस्पृश्यांच्या वस्तीत चला, आणि आईला जाऊन सांगा, या लोकांना शिक्षण पाहिजे. जोतीबांनी त्या चित्रात आपल्यासाठी खुर्ची मागितली नाही. चित्रच खोटं आहे, हे साहेबाच्या तोंडावर सांगितलं.

कार्यकर्त्यांनो, हे जुनं झालं असं समजू नका. आपल्यातलेही काही पुढारी मंत्र्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढून घेतात. फ्रेम करून वस्तीच्या ऑफिसात लावतात, बाबासाहेबांच्या शेजारी. तो फोटोही असाच वाचा. मधोमध कोण बसलंय? हार कुणाच्या गळ्यात आहे? सतरंजी कुणी अंथरली? आणि फोटो काढून झाल्यावर वस्तीत नळ आला का? नसेल आला, तर तो फोटो बाबासाहेबांच्या शेजारी ठेवू नका. उतरवा.