धुरावर पोसलेले किडे

फॅक्टोरिओ खेळायला बसलं की सुरुवातीचा वेळ अगदी निवांत जातो. तुमचं यान नॉविस नावाच्या परक्या ग्रहावर कोसळलेलं असतं आणि जवळ एक पिस्तूल, चार वस्तू, एवढंच. दगडाची भट्टी मांडायची, कोळसा खणायचा, लोखंड वितळवायचं, बॉयलर पेटवून वीज करायची. मग कधीतरी पडद्यावर धोक्याची खूण लुकलुकायला लागते. जाऊन बघावं, तर टणक पाठीचा, मोठ्या जबड्याचा एक मातकट किडा खाणयंत्राला कुरतडत बसलेला. साध्या तीन गोळ्यांत तो मरतो.

मानवतला पुतण्याच्या लॅपटॉपवर मी हा किडा पहिल्यांदा पाहिला आणि सहज विचारलं, "हे आलं कुठून रे?" त्यानं उत्तर न देता नकाशा उघडला. आमच्या भट्ट्यांभोवती लाल डाग पसरला होता, सांडलेल्या चहासारखा, आणि त्याची एक कड किड्यांच्या वारुळाला जाऊन टेकली होती. "काका, हा आपला धूर."

प्रागच्या वुब सॉफ्टवेअरनं केलेला हा खेळ 2020 साली पूर्ण रूपात बाहेर आला. राक्षसी किडे व्हिडिओ गेममध्ये ढिगानं आहेत. बहुतेक ठिकाणी ते दुष्ट असतात म्हणून येतात, किंवा गोष्टीत त्यांची पाळी आली म्हणून येतात. इथे ते येतात ते हिशेबानं. बॉयलर मिनिटाला 30 एकक धूर सोडतो. वाटेत झाडं आणि जमीन त्यातला काही पिऊन टाकतात. उरलेला वारुळाशी पोचला की वारूळ तो शोषतं आणि त्या भावात हल्लेखोर धाडतं. लहान किडा 4 एककांना, मधला 20 ला, मोठा 80 ला आणि महाकाय 400 ला. धूर मधे कुठे जिरला नाही, तर एका बॉयलरच्या एका मिनिटावर सात लहान किडे पोसले जातात. अडतीवर बसलेल्या माणसाला ही पट्टी लगेच कळेल. मला या खेळाचं सगळ्यात मोठं कसब इथेच दिसतं. शत्रूला चेहरा नाही, भाषा नाही, सूडाची गोष्ट नाही, तरी तो आगंतुक वाटत नाही. त्याला बोलावणं आपल्याच धुराड्यातून गेलेलं असतं.

नावंही पाहण्यासारखी आहेत. खेळात त्यांना प्रजातीचं नाव नाही. जो चावतो तो 'बायटर', जो आम्ल थुंकतो तो 'स्पिटर'. म्हणजे ते कोण आहेत हे नावात नाही, आपलं काय बिघडवतात एवढंच आहे. शेतकरी नावं ठेवतो ती अशीच. खोडकिडा, बोंडअळी, शेंगा पोखरणारी अळी! त्या अळीचा पतंग कसा दिसतो हे नावात नसतं, आपलं कुठलं अंग पोखरलं गेलं ते असतं. तक्रारीतून जन्मलेली नावं ही. खेळ करणाऱ्यांना आपली शेती ठाऊक असण्याचं कारण नाही, पण नेम बरोबर बसलाय.

आता या रचनेची खरी मेख. किडे बदलत जातात. खेळ पडद्याआड उत्क्रांतीचा एक आकडा सांभाळतो. तो तीन गोष्टींनी वाढतो: वेळ गेल्यानं, धूर सोडल्यानं आणि वारूळ फोडल्यानं. तिसरं कारण वाचून मी थबकलो. तुम्ही वैतागून वारूळ फोडता, जवळपासचा त्रास मिटतो, आणि त्याच क्षणी उरलेल्या वारुळांतून यापुढे निघणारे किडे थोडे पुढे सरकतात. मातकट जाऊन लाल येतात, मग निळे, शेवटी हिरवे महाकाय. लाल किडा 75 प्राणांचा, पण नुसते प्राण वाढले असते तर त्यात कौतुक नव्हतं. त्याची पाठ प्रत्येक गोळीचा मार थोडा खाऊन टाकते. साध्या गोळीचा मार 5, त्यातला 4 पाठ गिळते आणि उरलेल्याचाही दहावा भाग जातो. तीन गोळ्यांचं काम आता ऐंशीहून जास्त गोळ्या मागतं. बंदूक तीच, हात तोच, आणि औषध लागू पडत नाही.

औषध लागू न पडणं मानवतच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कापसाच्या बाजारावर वाढलेलं हे गाव आहे. अळीला मारणारं विष झाडातच असलेला बीटी कापूस देशात 2002 साली आला, दोन जनुकांचं वाण 2006 साली. 2010 साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही असं जाहीर झालं, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात तिनं हाहाकार केला. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची छोटी पुडी यायची. अळीला मुद्दाम थोडं बिनविषारी खाणं ठेवायचं, म्हणजे विष पचवणाऱ्याच तेवढ्या शिल्लक राहत नाहीत, असा त्यामागचा विचार. ती पुडी कितीजणांनी पेरली ते प्रत्येक बांधाला ठाऊक आहे. शत्रूला थोडं जगू द्यायचं ही गोष्ट शेतात पटत नाही, तशी खेळातही नाही. पुतण्या एकही वारूळ सोडत नाही.

फरक आहे तो आकाराचा. खेळातला महाकाय रणगाड्याला भिडतो. खऱ्या जगात कीटक इतका वाढू शकत नाही; अंगावरच्या भोकांतून नळ्यांवाटे श्वास घेणाऱ्या देहाला ते परवडत नाही. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या चतुरासारख्या प्राण्याचे पंख दोनेक फुटांवर पसरत, तिथेच मजल संपली. आणि आमची अळी? जेमतेम सेंटिमीटरभर. बोंडात शिरते आणि तिचं भोक मागे बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. फुलाची पाकळी मिटून डोमकळी झाली तर कळणार, नाहीतर वेचणीला किडकी कवडी हातात आल्यावर. त्या अदृश्य भीतीपुढे निळ्या-हिरव्या राक्षसांची फौज मला जवळजवळ दिलाशाची वाटते. निदान दिसते तरी.

एक उणीव मात्र खटकते. खेळात हंगाम नाही. बोंडअळीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थांबणं: फरदड, म्हणजे लांबवलेलं पीक, घ्यायची नाही, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची, अळीला खायला काही ठेवायचं नाही. खेळात धूर थांबवला तर हल्ले आटतात, पण उत्क्रांतीचा आकडा मागे फिरत नाही. वेळ तर चालूच राहतो. थांबणाऱ्याला खेळानं काहीच देऊ केलेलं नाही.

तरी मी पुतण्याला म्हटलं, एकदा बंद करून तर बघ. त्यानं कोळशाचे पट्टे तोडले, बॉयलर विझले, यंत्रं जागच्या जागी उभी राहिली. आम्ही नकाशा उघडून बसलो. लाल डाग कडेनं एकेक चौकोन फिका होत आत सरकत होता. वारुळाजवळचा तांबूसपणा गेला, मग झाडांवरचा. भिंतीपाशी कुणी येईना. बाहेर अंधारून आलं, वहिनींनी जेवायला दोनदा हाक मारली.

"काका, करमंना," तो म्हणाला, आणि पट्टे परत जोडायला लागला.