‘फरार’ आणि ‘निर्दोष’ : नदीम प्रकरणातील आपली भाषा

मुंबईतल्या एखाद्या मोहल्ल्यात नदीम-श्रवणचे जुने गाणे लागले की पन्नाशीच्या पुढचा कोणी ना कोणी म्हणतोच, ‘बिचाऱ्याला उगाच अडकवला.’ दुसऱ्या वस्तीत तेच गाणे लागले की कोणी म्हणतो, ‘खून करवला आणि लंडनला पळाला.’ दोघेही सारख्याच खात्रीने बोलतात आणि दोघांनीही खटल्याचा एक कागदसुद्धा पाहिलेला नसतो. गुलशन कुमार खून प्रकरणाची चर्चा पंचवीसहून अधिक वर्षे अशीच चालली आहे. खून कोणी करवला हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण समाज कोणते शब्द कशासाठी वापरतो हे पाहणे साहित्याच्या अंकाचे काम आहे, असे आम्ही मानतो. म्हणून येथे समीक्षा आहे ती त्या चर्चेची.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी सकाळी अंधेरी येथे जीतेश्वर महादेव मंदिराबाहेर ‘टी-सीरीज’चे मालक गुलशन कुमार यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दिल्लीच्या दर्यागंजात फळांचा रस विकणाऱ्या घरातला हा माणूस स्वस्त कॅसेटींच्या जोरावर मोठा झाला होता, आणि त्याने काढलेली भजने देशभर घरोघर वाजत होती. मरण आले तेही देवळाच्या दारात. त्यामुळे पहिल्याच दिवसापासून या खुनाला साध्या खंडणीच्या खुनापेक्षा वेगळा रंग चढला. शहरात १९९२-९३ च्या दंगलींच्या आणि बॉम्बस्फोटांच्या जखमा ओल्या होत्या. ऑगस्ट संपता संपता पोलिसांनी पत्रकार परिषदेत नदीम अख्तर सैफी याचे नाव कटाचा सूत्रधार म्हणून घेतले, तेव्हा ते नाव ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना पुराव्याची गरज वाटली नाही. उरलेल्यांना पुरावा असला तरी तो पाहायचा नव्हता. आम्ही त्या दुसऱ्या गटात होतो, हे आधीच सांगून टाकतो.

पोलिसांचे म्हणणे असे होते की नदीमने स्वतःच्या आवाजात काढलेल्या अल्बमची कंपनीने हवी तशी जाहिरात केली नाही, त्या रागातून अबू सालेमच्या टोळीकरवी हे घडवले गेले. नदीम त्या वेळी लंडनमध्ये होता. खुनाच्या दिवशीही तो तिथेच होता.

आता ‘फरार’ हा शब्द घ्या. आरोप झाल्यावर जो निसटतो तो फरार. नदीम आरोपाच्या आधीच परदेशी होता. आरोप झाल्यावर तो परतला नाही. न परतणे आणि पळून जाणे यांत फरक आहे, आणि तो शब्दच्छल नाही, कारण ‘पळाला’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात निकाल लागून जातो. याच प्रकरणात खरोखर फरार झालेला माणूस वेगळा आहे. गोळ्या झाडल्याबद्दल जन्मठेप झालेला अब्दुल रऊफ मर्चंट २००९ मध्ये फर्लोवर सुटला आणि बांगलादेशात पळाला. तो भारताच्या ताब्यात परत आला नोव्हेंबर २०१६ मध्ये. त्याच्याबद्दल कुठल्या नाक्यावर वाद झाल्याचे आम्हाला आठवत नाही. तो प्रसिद्ध नव्हता, एवढेच.

दुसरा शब्द आपला आहे, ‘निर्दोष’. याच्याकडे जास्त कडकपणे पाहायला हवे, कारण तो आपण वापरला.

भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९२ मध्ये प्रत्यर्पणाचा करार झाला. अशा कराराखाली परक्या देशाचे न्यायालय आरोपीचा खटला चालवत नाही. आरोपाला प्रथमदर्शनी आधार आहे का आणि या माणसाला परत पाठवणे अन्यायाचे ठरेल का, एवढेच ते पाहते. लंडनच्या खालच्या न्यायालयाने १९९९ मध्ये नदीमच्या विरुद्ध, म्हणजे प्रत्यर्पणाच्या बाजूने कौल दिला होता. ही गोष्ट आपल्या बैठकांत कधी निघत नाही. पुढे डिसेंबर २००० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो फिरवला. ज्या जबानीवर मुख्य भिस्त होती ती स्वतःला कटातला म्हणवणाऱ्या माणसाची होती. हा आरोप सद्भावनेने आणि न्यायाच्या हेतूने केलेला दिसत नाही, या आशयाचा शेरा न्यायालयाने मारला. भारत सरकारला हाउस ऑफ लॉर्ड्सकडूनही २००१ मध्ये दाद मिळाली नाही.

शेरा कडक होता, तपास यंत्रणेची मान खाली जावी इतका. एका संशयिताचे नाव आधी पत्रकार परिषदेत आणि पुरावा मागून, अशी सवय असलेल्या पोलीस दलाला तो लागू पडतो यात आम्हाला शंका नाही. पण ‘याला पाठवणार नाही’ म्हणजे ‘याने केले नाही’ असे होत नाही. आपण मात्र तसाच अर्थ घेतला. ‘लंडनने क्लीन चिट दिली’ हे वाक्य आम्हीही त्या दिवसांत चारचौघांत ऐटीत म्हटले आहे. कोर्ट गोऱ्यांचे, म्हणून त्याचा शब्द शेवटचा, अशी एक जुनी गुलामी त्यात होती, ती वेगळीच.

निर्दोष मुक्तता कशी असते ते पाहायचे तर मुंबईतच पाहावे. याच गुन्ह्यात ‘टिप्स’ कंपनीचे रमेश तौरानी यांना अटक झाली. ते इथेच राहिले, तुरुंगात गेले, खटल्याला सामोरे गेले. एप्रिल २००२ मध्ये सत्र न्यायालयाने १९ पैकी १८ आरोपींना सोडले, त्यांत ते होते. राज्य सरकार अपिलात गेले. १ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची सुटका कायम केली. त्याच निकालात रऊफची जन्मठेप कायम झाली आणि २००२ मध्ये सुटलेल्या त्याच्या भावाला, अब्दुल रशीदला, दोषी ठरवले गेले. म्हणजे २००२ नंतर ‘बघा, सगळी केसच बनावट होती’ असे जे आपल्यात म्हटले जाई, तेही टिकले नाही. एक माणूस खरोखर मारला गेला होता आणि मारणारे खरे होते. आपल्या साऱ्या चर्चेत त्या मेलेल्या माणसाचे नाव किती वेळा आले?

या वादाची एक गंमतही आहे. नदीमचे प्रकरण लंडनच्या न्यायालयात चालू असताना, ऑगस्ट २००० मध्ये, ‘धडकन’ आला. २००२ च्या सुरुवातीला ‘राज’ आला. एक भागीदार लंडनला, दुसरा मुंबईला, आणि कॅसेटी दोन्ही वस्त्यांत सारख्याच खपल्या. त्याला खुनी म्हणणाऱ्याच्या मुलीच्या वरातीत त्याचीच गाणी बँडवर वाजली. लोकांना निकाल हवा होता असे यावरून वाटत नाही. त्यांना बाजू हवी होती.

आता आपल्या बाजूला टोचणारी एक गोष्ट. १ मार्च २००२ रोजी गुजरातमधील आणंद जिल्ह्यातल्या ओड गावात २३ मुसलमानांना जाळून मारण्यात आले. त्यातला एक आरोपी जामिनावर सुटला आणि ब्रिटनमध्ये जाऊन राहिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिटनने त्याला भारताच्या हवाली केले. त्याने विरोध केला नव्हता. १९९२ च्या करारानंतर ब्रिटनने भारताकडे पाठवलेला हा पहिला माणूस. ज्या कराराचा पराभव झाला म्हणून आपण २००० साली खूश झालो, त्याच कराराने ओडच्या मृतांसाठी काम केले. तो आरोपी लंडनमध्ये ‘भारतात मला न्याय मिळणार नाही’ म्हणाला असता आणि तिथल्या कोर्टाने मान्य केले असते, तर आपण त्याला निर्दोष म्हटले असते का?

नदीमबाबत आपण मागायला हवा होता तो खटला, धड पुराव्यावर उभा असलेला. पोलिसांनी तो उभा केला नाही, आणि आपणही मागितला नाही. आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवून शिक्षा देण्याची सोय तेव्हाच्या कायद्यात नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने घोषित फरारी आरोपीबाबत ती आणली आहे. आरोपीला प्रश्न विचारता येत नाही, साक्षीदाराची उलटतपासणी त्याच्या सांगण्यावरून होत नाही, अशा निकालाला उद्या आपण काय म्हणणार, याची तयारी आपल्या बैठकांत दिसत नाही. तिथे अजून ‘अडकवला’ आणि ‘पळाला’ हेच दोन शब्द चालतात.

एप्रिल २०२१ मध्ये श्रवण राठोड कोरोनाने गेले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा तो निकाल आला. त्यात नदीमच्या अपराधाचा किंवा निरपराधाचा निवाडा नाही, कारण तो त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभाच राहिला नव्हता.