शाक्तेय ग्रंथांतील गोमसूरीचें वचन : प्रामाण्याचा विचार

गाईच्या स्तनावरील फोडांची लस टोचून देवीच्या रोगास प्रतिबंध करण्याची युक्ति जेन्नरनें १७९६ सालीं पडताळून पाहिली व १७९८ सालीं प्रसिद्ध केली. परंतु आमच्या वैद्यकास ती त्यापूर्वीं शेंकडों वर्षें ठाऊक होती, असें प्रतिपादन अधूनमधून वाचण्यांत येतें. त्याचा बहुतेक भार धन्वंतरीच्या नांवावर घातलेल्या ‘शाक्तेय ग्रंथां’तील एका वचनावर असतो. प्रस्तुत लेखकानेंही एका जुन्या पुस्तकावर विसंबून हें वचन अध्यापनकाळांत वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस अभिमानानें सांगितलें. त्या चुकीची अंशतः तरी फेड व्हावी, हा ह्या टिपणाचा हेतु आहे.

वचनाचा आशय असा : गाईच्या फोडांतील किंवा मनुष्याच्या दंडावरील फोडांतील पाणी शस्त्राच्या अग्रावर घ्यावें, दुसऱ्याच्या दंडास रक्त दिसेपर्यंत टोचावें, तें पाणी रक्तांत मिसळलें म्हणजे फोडांचा ज्वर उत्पन्न होतो. १८१९ सालीं मद्रासच्या एका इंग्रजी वृत्तपत्रांत टोपणनांवानें आलेल्या पत्रांत हा आशय आढळतो. संस्कृत श्लोक राजा राधाकांत देव यांच्या ‘शब्दकल्पद्रुम’ कोशांत आहेत. एवढ्या थोर कोशांत वचन सांपडल्यावर मूळ ग्रंथ शोधण्याची गरज बहुतेकांस वाटली नाहीं.

प्रथम भाषा पाहूं. गाईच्या स्तनावरील मसूरिका सांगावयाची असतां श्लोकांत ‘स्तन्य’ शब्द योजिला आहे. वैद्यकांत स्तन्य म्हणजे दूध. स्तन किंवा ऊधस् नव्हे. शास्त्रांत विधि सांगतांना ‘गृह्णीयात्’ असा विध्यर्थ अपेक्षित असतो. येथें ‘गृहीतवान्’ असें भूतकालवाचक रूप आहे, व तें कोणी घेतलें हें सांगणारा कर्ता नाहीं. कोणी म्हणेल कीं, वैद्यकग्रंथांतील संस्कृत सर्वत्र शुद्ध कोठें असतें? हा आक्षेप रास्त आहे. केवळ भाषेच्या दोषावरून वचन कृत्रिम ठरवितां येणार नाहीं. परंतु दुसऱ्या भाषेंत अगोदर तयार असलेला अर्थ घाईनें छंदांत बसविल्यासारखी ही रचना दिसते, एवढें नमूद करणें अवश्य आहे.

आशयाचा दोष याहून गंभीर आहे. गाईची लस एका मनुष्याच्या दंडावर उठवून तेथून दुसऱ्याच्या दंडावर न्यावयाची, ही परंपरा जेन्नरनंतरच्या पहिल्या काळांतील नेहमींची पद्धत होय. प्राचीन म्हटलेल्या वचनांत तिचे गाय, दंड, शस्त्राग्र, रक्त हे सर्व टप्पे यावेत, आणि चरक, सुश्रुत, माधव किंवा भावमिश्र यांपैकीं एकाच्याही ग्रंथांत ही युक्ति नसावी, हें संभवत नाहीं. शिवाय ज्यास गोमसूरी म्हणतात तो रोग मूळचा युरोप व पश्चिम आशिया ह्या भागांतील. हिंदुस्थानांत ती लस सुलभ असती तर ती बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें आणण्याचा खटाटोप कशास करावा लागता? त्या मार्गानें आलेली लस मुंबईस १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस लागू पडली, आणि तिच्या दंडावरून पुढें इतरत्र गेली.

मग वचन आलें कोठून? मद्रासचे विद्वान् अधिकारी एफ. डब्ल्यू. एलिस यांनीं ब्राह्मणांचें मन लशीकडे वळावें म्हणून संस्कृतांत एक लहान काव्य रचिलें, व तें जुन्या कागदावर लिहवून ‘सांपडलें’ असें भासविलें, अशी नोंद एकोणिसाव्या शतकांतच झालेली आहे. १९८७ सालीं डॉमिनिक वुयास्टिक यांनीं ह्या सर्व प्रकरणाची साक्षेपानें छाननी केली. एलिसचें काव्य व शाक्तेय वचन एकच, असें निश्चयानें म्हणण्याइतका पुरावा नाहीं; पण असे उद्योग त्या काळीं चालू होते, हें स्पष्ट आहे. ज्या एलिसनें ‘एझुर्वेद’ नामक बनावट वेदाचें बिंग फोडणारा निबंध लिहिला, त्याच्याच नांवावर ही नोंद असावी, हें नवल खरें. मुलांचे प्राण वांचावेत हा हेतु निंद्य नव्हता. तथापि हेतूच्या शुद्धतेनें साधनाचें प्रामाण्य सिद्ध होत नाहीं.

हें वचन सोडल्यास आमच्या हातीं कांहीं उरत नाहीं, ही भीति व्यर्थ आहे. सुश्रुतानें मसूरिका क्षुद्ररोगांत घातली. माधवनिदानांत तिला स्वतंत्र अध्याय मिळाला. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत शीतलेचें प्रकरण आलें. रोगाचें महत्त्व कसें वाढत गेलें, याचा हा अस्सल लेख आहे. तसेंच बंगालमध्यें फिरते ब्राह्मण मागील वर्षाच्या फोडांतील द्रव्य दंडास टोचीत, पथ्य पाळावयास लावीत व रोग्यावर थंड पाणी ओतीत, याचें सविस्तर वर्णन हॉलवेलनें १७६७ सालीं प्रसिद्ध केलें. हें द्रव्य मनुष्याच्या देवीचें होतें, गाईचें नव्हे. त्यांत धोका होता, कारण टोचलेल्यापासून रोग दुसऱ्यास लागूं शके व कांहीं टोचलेले दगावतही. परंतु ती खरी विद्या होती, आणि तिचा साक्षीदार प्रत्यक्ष पाहणारा होता.

देवीचा रोग निर्मूल झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालीं घोषित केलें. त्या कार्याच्या इतिहासांत आमच्या टोचणाऱ्यांचें स्थान त्यांच्या खऱ्या कामानेंच सांगितलें पाहिजे. शाक्तेय वचनाचा मूळ ग्रंथ कोणी हस्तलिखितासह पुढें आणील तर प्रस्तुत लेखक आपलें मत आनंदानें मागें घेईल. तोंपर्यंत आपल्या जुन्या टिपणवहींत त्या श्लोकांशेजारीं त्यानें ‘अप्रमाण’ असा शेरा लिहून ठेविला आहे. आणि ज्या विद्यार्थ्यांस ते पाठ करावयास लाविले, त्यांच्यापैकीं कोणाच्या वाचनांत हें टिपण आल्यास त्यानेंही तसेंच करावें, अशी विनंति आहे.