‘पडोसन’ : उसन्या गळ्याचे प्रहसन

हास्यरसाच्या विभावांत भरताने विकृत वेष व विकृत वाणी यांची गणना केली आहे. तोतयाचे प्रहसन या दोहोंवर उभे असते. आणि तो तोतया कलावंत म्हणून मिरवू लागला की वेषापेक्षा वाणीच अधिक अडचणीत येते. ज्योती स्वरूप यांनी दिग्दर्शित केलेला मुंबईच्या चित्रसृष्टीतील ‘पडोसन’ (१९६८) हा हिंदी चित्रपट या प्रकारचा ठळक नमुना होय. अरुण चौधुरी यांच्या बंगाली कथेवरून राजेंद्र कृष्ण यांनी त्याची पटकथा रचली. निखळ करमणूक म्हणून तो वाखाणला गेला. त्या करमणुकीच्या बुडाशी असलेला प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

कथानक साधे आहे. भोळसट व धांदरट असा भोला (सुनील दत्त) शेजारच्या बिंदूवर (सायरा बानू) अनुरक्त होतो. बिंदूला संगीताचे वेड असून मास्टर पिल्लई (मेहमूद) हे दाक्षिणात्य गुरुजी तिला शिकवतात. भोलाच्या गळ्यात सूर नाही. नाटकमंडळीचा प्रमुख विद्यापती (किशोरकुमार) त्याला गाणे शिकवून पाहतो, हात टेकतो आणि शेवटी तोडगा काढतो : भोलाने खिडकीत उभे राहून ओठ हलवावेत व विद्यापतीने आडोशाला बसून गावे. बिंदू फसते. येथपर्यंतचा विनोद अंगविक्षेपांचा आणि धांगडधिंग्याचा आहे. तो कोणालाही हसवील.

परंतु प्रेक्षक ज्या लबाडीला हसतो ती लबाडी म्हणजेच पार्श्वगायन होय. आदल्याच वर्षी ‘हमराज’मध्ये (१९६७) याच सुनील दत्तांच्या ओठांवर महेंद्र कपूर यांचा आवाज आला होता आणि त्या वेळी कोणी हसले नव्हते. ‘पडोसन’मध्ये पडद्यामागचा गायक पडद्यावर आणून बसविला एवढाच काय तो फरक, आणि तेवढ्याने रूढ संकेत हास्यास्पद ठरतो. गंमत अशी की, उसन्या आवाजाने फसविल्याबद्दल संतापणारी बिंदू स्वतः लता मंगेशकर यांच्या आवाजात गाते. मास्टर पिल्लई कथेतले खरे विद्वान. त्यांचा गळा मन्ना डे यांचा. या प्रमुख गायकमंडळींत ज्याचे शरीर व आवाज एकच आहेत असा पुरुष एकटा किशोरकुमार, आणि कथेने त्यालाच लपवून ठेवले आहे.

मराठी रसिकाला हा विपर्यास विशेष जाणवावा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाची जी परंपरा रूढ केली, तीत नटाने स्वतः गाणे गृहीत होते. बालगंधर्वांचा स्त्रीवेष उसना होता, गळा त्यांचा स्वतःचाच. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’तही (१९३२) हरिश्चंद्र झालेल्या गोविंदराव टेंब्यांनी आपली पदे आपणच गाइली. म्हणजे वेष खोटा चाले, सूर खोटा चालत नसे. पार्श्वगायन रूढ झाल्यावर हा नियम उलटा झाला, आणि त्या उलथापालथीची हिंदी पडद्याने स्वतःच केलेली सर्वांत मोकळी थट्टा ‘पडोसन’मध्ये आढळते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दोन खिडक्यांमधील गायनाची झुंज हा चित्रपटाचा कळस होय. पिल्लई स्वरांची शिस्त धरून चढत जातात. प्रतिपक्ष मध्येच लय मोडतो, निरर्थक शब्द फेकतो, चाल बदलतो आणि गुरुजींची गाडी रुळावरून घसरते. मन्ना डे यांना काका कृष्णचंद्र डे यांच्याकडून तालीम मिळालेली. किशोरकुमार यांनी शास्त्रोक्त शिक्षण घेतलेले नाही. ‘बसंत बहार’मधील (१९५६) सामन्यात कथेच्या सोयीसाठी मन्ना डे यांच्या आवाजाने भीमसेन जोशींच्या आवाजाला जिंकले होते. बारा वर्षांनी तोच आवाज तोतयाच्या पक्षाकडून हरतो. राहुलदेव बर्मन यांची रचना मात्र इतकी चतुर आहे की हरणाऱ्याची विद्या स्पष्ट ऐकू येते. कान उघडे ठेवून ऐकणाऱ्यास पिल्लई पराभूत झाल्यासारखे वाटत नाहीत. त्यांना चकविले आहे, इतकेच.

येथेच चित्रपटाचा मोठा दोष दिसतो. पिल्लई यांच्या विद्येत हसण्याजोगे काही नसल्याने त्यांच्या शेंडीला आणि मोडक्या हिंदीला हसविले जाते. हे हास्य सर्वत्र सारखे उमटेल असे मानण्याचे कारण नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातले गाव. त्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू एकत्र नांदत, आणि मानवत रोड स्थानकावरून जाणारा लोहमार्ग आजही मनमाडला सिकंदराबादेशी जोडतो. अशा मुलखात परक्या वळणाची हिंदी ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट. जेथे प्रत्येकाचीच हिंदी थोडीबहुत मोडकी, तेथे दाक्षिणात्य उच्चार हा स्वतःच विनोद कसा ठरावा? मेहमूद यांच्या अभिनयात पिल्लईंविषयी जिव्हाळा आहे हे खरे, आणि त्यामुळे व्यंगचित्र थोडे सौम्य होते. पण व्यंगचित्र ते व्यंगचित्रच.

दुसरा दोष रचनेचा. लबाडी उघडकीस आल्यावर बिंदू रागाच्या भरात भोलाच्या वयस्क मामाशी लग्नास तयार होते. प्रहसन येथे क्षणभर गंभीर होऊ पाहते, कारण उसन्या आवाजाचा जाब प्रथमच विचारला गेलेला असतो. त्याला उत्तर एकच होते : भोलाने बेसूर का होईना, स्वतःच्या गळ्याने तिच्यापुढे गावे. पटकथाकाराने ते टाळले आहे. विद्यापती भोलाच्या आत्महत्येचा बनाव रचतो, बिंदू विरघळते आणि लग्न लागते. पहिली फसवणूक दुसरीने झाकली जाते. आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला, त्या बिंदूला भोलाचे स्वतःचे गाणे अखेरपर्यंत ऐकावयास मिळत नाही.