सावलीचें स्वप्न

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या गांवांतून रोज मुंबईस कामाला जाणाऱ्या मंडळींत कोणी एके काळीं गाणें शिकत असे, कोणी कथा लिहीत असे. "मग सोडलें कां?" असें विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळतें: "वेळ कोठें आहे?" हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें पुरें आहे काय, हें पाहण्यासाठीं आम्हीं तीन पुस्तकें एकत्र वाचावयास घेतलीं.

पहिलें पुस्तक नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा १९६६ सालचा काव्यसंग्रह. टाकून दिलेलें हें मूल गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणी कामगारानें वाढविलें. पुढें गिरणींतील मजुरी, मग शाळेंतील शिपाईगिरी, नंतर महापालिकेच्या शाळेंत शिक्षकाची नोकरी, असा हा प्रवास झाला. १९९५ सालीं परभणीच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस लाभलें, आणि उत्तरायुष्यांत ते बदलापूरच्या पुढील नेरळास राहिले. कष्ट असूनही त्यांनीं काव्य लिहिलें, अशी त्यांची स्तुति करण्याचा प्रघात आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. सुर्व्यांनीं कामांतून काव्यासाठीं वेळ चोरला, एवढेंच नव्हे. कामालाच काव्याचा विषय केला. चाळ, गिरणी, मोर्चा हेंच त्यांचें विद्यापीठ. वेळेची सबब सांगणाऱ्यास याहून चांगलें उत्तर नाहीं.

येथेंच थांबलों असतों तर लेख सोपा झाला असता. परंतु दुसरें पुस्तक थांबूं देत नाहीं. तें म्हणजे सुर्व्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांचें आत्मकथन, 'मास्तरांची सावली'. दोन्ही नांवें शेजारीं ठेवून पाहावीं. पतीच्या पुस्तकाचा पहिला शब्द 'माझे'. पत्नीच्या स्वतःच्या जीवनकथेचा पहिला शब्द मात्र 'मास्तरांची'. यांत सुर्व्यांस उणेपणा आणण्याचा आमचा हेतु नाहीं. कष्टकरी स्त्रीविषयींचा त्यांच्या कवितेंतील जिव्हाळा निःसंशय आहे. तथापि एकानें स्वप्न जपावयाचें तर चूल कोणी तरी पेटवावी लागते, हें त्या नांवानेंच आम्हांस बजावलें.

तिसरें पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेलें. पती नारायण वामन टिळक कवि आणि लहरी. त्यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाईंस कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर काढावीं लागलीं. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईंनीं पतीच्या पश्चात् त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुरें केलें. म्हणजे पतीचें स्वप्नही तडीस नेलें आणि उतारवयांत स्वतःचें पुस्तकही लिहिलें. आज टिळकांच्या कवितेपेक्षां लक्ष्मीबाईंचें गद्यच अधिक आवडीनें वाचलें जातें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

कोणी म्हणेल, अखेर त्यांनीं लिहिलें ना? मग बिघडलें काय? परंतु ज्यांनीं लिहिलें त्यांचीच गणना आपणांस करतां येते. ज्यांचें लिहावयाचें राहूनच गेलें, त्यांचीं पुस्तकें कोणत्या ग्रंथालयांत शोधावीं? सुर्व्यांचें उदाहरण घरांतल्या पुरुषास जेवढें उत्तेजन देतें, तेवढेंच तें त्याच्या घरांतील दुसऱ्या माणसाविषयीं त्यास अंध करूं शकतें. हा दोष कवीचा नव्हे, अर्धेंच वाचणाऱ्या आम्हां टीकाकारांचा आहे. आणि आम्हीही कित्येक वर्षें तसेंच शिकवीत आलों.

संध्याकाळच्या बदलापूर गाडींत, बायकांच्या डब्यांत, मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या भगिनी आमच्या वाचकांनीं पाहिल्या असतील. कित्येकांच्या घरच्याच असतील. या काटकसरीचें कौतुक पुष्कळ झालें. ती मेथी घरीं दुसऱ्या कोणीं निवडली, तर तेवढ्या वेळांत त्यांतील एखादीस वही उघडतां येईल. स्वप्न जपण्याविषयींची चर्चा आपल्या घरांत निघेल तेव्हां ती या पिशवीपासून सुरू व्हावी, इतकीच आमची सूचना आहे.