विवाहाचे चित्र आणि संपादकाचा हात

राजकारणात वावरलेल्या उमराव घराण्यांची चरित्रे वाचताना 'सार्वजनिक जीवन' आणि 'खाजगी जीवन' हे शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो, की ही विभागणी त्या जगण्यातच मुळात होती असा समज होऊन बसतो. वास्तविक ती पुष्कळदा मागाहून, कागदपत्रे हाताळणाऱ्या कोणाच्या तरी हाताने पडलेली असते. हॅरल्ड निकोल्सन, व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचा धाकटा मुलगा नायजेल यांचे लेखन एकत्र वाचले, तर हा हात अगदी स्पष्ट दिसू लागतो. या कुटुंबाकडे केवळ एका धीट दांपत्याची कहाणी म्हणून पाहण्याची जी रूढी पडली आहे, तिने हा प्रश्न झाकला गेला आहे.

व्हिटाचे माहेर केंट परगण्यातील नोलचा प्रासाद. पूर्वज टॉमस सॅकव्हिल हा पहिल्या एलिझाबेथचा कोषाध्यक्ष आणि 'गॉर्बोडक' या आद्य इंग्रजी शोकात्मिकेचा सहलेखक. म्हणजे सत्ता आणि साहित्य यांची सोयरीक या घरात जुनीच. हॅरल्डचे वडील सर आर्थर निकोल्सन १९१० ते १९१६ या काळात परराष्ट्र खात्याचे कायम सचिव होते. ऑक्टोबर १९१३ मध्ये नोलच्याच प्रार्थनामंदिरात हा विवाह झाला. परंतु व्हिटा एकुलती एक अपत्य असूनही, मुलगी असल्यामुळे, १९२८ साली वडील वारल्यावर नोल तिच्या काकांकडे गेले. त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फने 'ऑर्लँडो' लिहून ते घर तिला कल्पितात परत केले, हे सर्वश्रुत आहे.

त्यामानाने कमी लक्षात घेतलेली गोष्ट १९१० च्या खटल्याची. व्हिटाची आई व्हिक्टोरिया ही दुसरे लॉर्ड सॅकव्हिल आणि पेपिता ही स्पॅनिश नर्तकी यांची विवाहबाह्य संतती. व्हिक्टोरियाच्या भावाने स्वतःच्या औरसत्वाचा आणि पर्यायाने वारशाचा दावा लावला, तेव्हा तो हाणून पाडण्यासाठी आपले आईबाप विवाहबद्ध नव्हते हे सिद्ध होणे व्हिक्टोरियाच्याच हिताचे ठरले. स्पेनमध्ये साक्षी नोंदवल्या गेल्या. पुढे १९३७ मध्ये व्हिटाने 'पेपिता' हे चरित्र लिहिले, ते याच साक्षींच्या आधारावर. एका नर्तकीचे अत्यंत खाजगी आयुष्य लेखनिविष्ट झाले ते मालमत्तेच्या कायद्यामुळे! ज्याला आपण खाजगी म्हणतो त्याचा दस्तऐवजच येथे सार्वजनिक संस्थेने निर्माण केला आहे.

आता १९१८-१९ चा हिवाळा घेऊ. हॅरल्ड पॅरिसच्या शांतता परिषदेत ब्रिटिश शिष्टमंडळाचा तरुण अधिकारी म्हणून नकाशांवर नव्या राष्ट्रांच्या सीमा आखण्याच्या कामात गुंतलेला होता. व्हिटा बालमैत्रीण व्हायलेटसह माँटे कार्लोला होती आणि परतण्याचे नाव घेत नव्हती. या एकाच हिवाळ्याचे दोन लेख उपलब्ध आहेत. हॅरल्डच्या 'पीसमेकिंग १९१९' या १९३३ च्या ग्रंथाचा उत्तरार्ध त्या महिन्यांच्या रोजनिशीचा आहे. थकवा, भ्रमनिरास, मुत्सद्द्यांची अर्कचित्रे असे सारे त्यात आहे, पण संसार मोडण्याच्या बेतात असल्याचा मागमूस नाही. व्हिटाने जुलै १९२० मध्ये लिहावयास घेतलेल्या कबुलीत माँटे कार्लो आहे आणि परिषद केवळ पार्श्वभूमीला, पती जेथे अडकला आहे असे एक ठिकाण म्हणून. दोन्ही संहिता प्रामाणिक आहेत. तरीही हॅरल्डच्या ग्रंथातील विषण्णता सर्वस्वी व्हर्सायच्या तहाची आहे, असे आता निःशंकपणे म्हणता येणार नाही.

हॅरल्ड या बाबतीत भाबडा नव्हता. १९२७ च्या आपल्या 'द डेव्हलपमेंट ऑफ इंग्लिश बायॉग्रफी' या पुस्तकात त्याने शुद्ध आणि अशुद्ध चरित्र असा भेद केला आहे. मृताचा गौरव करण्याची इच्छा, बाहेरचा एखादा सिद्धांत ठसवण्याची ओढ आणि चरित्रकाराची अवाजवी आत्मनिष्ठा यांनी चरित्र गढूळ होते, असे त्याचे मत. हाच लेखक १९४८ मध्ये पंचम जॉर्ज यांचे अधिकृत चरित्र स्वीकारतो आणि १९५२ मध्ये राजाच्या घरगुती बाजूला बेताने स्पर्श करणारा, घटनात्मक इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा ग्रंथ देतो. पुढील वर्षी त्याला 'सर' हा किताब मिळतो. यात ढोंग पाहण्याची गरज नाही. सिद्धांत मांडणाऱ्याची आणि राजवाड्याचे काम घेणाऱ्याची भूमिका वेगळी असते, एवढेच.

सर्वांत गुंतागुंतीचा व्यवहार मात्र नायजेलचा आहे. १९६६ ते १९६८ या काळात त्याने वडिलांच्या रोजनिशा आणि पत्रे तीन खंडांत संपादित केली. मोझलीच्या 'न्यू पार्टी'तील १९३१ ची फसगत, १९३५ मध्ये लेस्टर वेस्टमधून अवघ्या ८७ मतांनी मिळालेला विजय, म्यूनिक, लंडनवरील बॉम्बहल्ले, चर्चिल असा त्यांचा पट. त्यात व्हिटाला लिहिलेली पत्रे आहेत, बाग आहे, मुले आहेत. म्हणजे खाजगी जीवन आहेच, पण सार्वजनिक पुरुषाला शोभेल अशा मऊ उजेडात. हॅरल्डचे पुरुषांशी असलेले संबंध त्यात नाहीत. पहिला खंड निघाला तेव्हा तो हयात होता आणि असे संबंध इंग्लंडात गुन्हा होते. कायदा १९६७ मध्ये बदलला. म्हणून या मौनाला केवळ भिडस्तपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

व्हिटाचा कबुलीलेख मात्र १९६२ पासून नायजेलच्या हाती होता. तिच्या मृत्यूनंतर सिसिंगहर्स्टच्या मनोऱ्यातील खोलीत एक कुलूपबंद बॅग सापडली; किल्ली नव्हती, तेव्हा त्याने कुलपाभोवतीचे कातडे कापून ती उघडली. हा लेख त्याने 'पोर्ट्रेट ऑफ अ मॅरेज' म्हणून १९७३ मध्ये, व्हायलेट वारल्याच्या दुसऱ्या वर्षी, प्रसिद्ध केला. या ग्रंथाच्या रचनाबंधाकडे समीक्षकांनी पुरेसे पाहिलेले नाही. पाच भागांपैकी पहिला आणि तिसरा व्हिटाचा. दुसरा, चौथा आणि पाचवा मुलाचा. आईच्या प्रत्येक भागानंतर मुलगा बोलतो, आणि अखेरचे दोन भाग सलग त्याचेच. व्हिटाने लिहिले होते ते व्हायलेटविषयी, स्वतःच्या दुभंगलेपणाविषयी. 'विवाह' हा त्या लेखाचा विषय नव्हताच. तो शीर्षकाने आणि मांडणीने झाला. फेब्रुवारी १९२० मध्ये दोन्ही पती छोट्या विमानाने आमियाँला जाऊन पळालेल्या स्त्रियांना गाठतात, तो प्रसंग म्हणूनच संसाराकडे वळणाऱ्या वाटेवरचा टप्पा वाटतो. वडिलांनी ज्याला चरित्राची अशुद्धता म्हटले, ती गौरवाची इच्छा येथे नेमकी काम करते आहे. फक्त गौरव आता मौनातून नव्हे, तर प्रकटीकरणातून साधला आहे. मला हा ग्रंथ त्यामुळे कमी प्रतीचा वाटत नाही. मात्र तो व्हिटाचे आत्मचरित्र म्हणून वाचला जातो, ही वाचनातील चूक आहे.

या रचनेची किंमत व्हायलेटने दिली. तिने व्हिटाला लिहिलेली पत्रे उरली आणि १९८९ मध्ये छापली गेली. व्हिटाने तिला लिहिलेली बहुतेक नष्ट झाली. तिच्या १९५२ च्या आत्मचरित्रात या प्रकरणाविषयी मौन आहे. दोघींचे नाते कथेत घालणारी व्हिटाची 'चॅलेंज' ही कादंबरी १९२० मध्ये घरच्यांच्या दडपणामुळे इंग्लंडात प्रकाशनापूर्वीच मागे घेतली गेली. ती तेथे निघाली १९७४ मध्ये, आणि प्रस्तावना पुन्हा नायजेलचीच!

'सार्वजनिक पुरुषाची पत्नी' ही भूमिका व्हिटाने आयुष्यभर टाळली. मुत्सद्द्याची पत्नी म्हणून मिरवणे नाकारले, लेस्टरच्या प्रचारातही ती उतरली नाही. या नकाराचे तिने केलेले खरे विधान कबुलीत नसून 'ऑल पॅशन स्पेन्ट' या १९३१ च्या कादंबरीत आहे. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय आणि पंतप्रधान राहिलेल्या पुरुषाची विधवा उतारवयात एकटी राहू लागते आणि आपल्याला चित्रकार व्हायचे होते हे आठवते. तेथे कोणतेही गुपित नाही, पळून जाणे नाही. तरीही राजकीय घराण्यात खाजगी म्हणून स्त्रीला काय उरते, हा प्रश्न तेथे अधिक निर्दयपणे विचारला आहे. 'पोर्ट्रेट'च्या गाजावाजात ही कादंबरी मागे पडली, हे आपल्या वाचनाभिरुचीविषयी फारसे चांगले सांगत नाही.

नायजेलचे स्वतःचे राजकारण थोडक्यात आटोपले. बोर्नमथ ईस्टचा हुजूर पक्षाचा सभासद असताना त्याने १९५६ मध्ये सुएझच्या प्रश्नावर स्वपक्षाला पाठिंबा दिला नाही, त्यातच त्याच्या प्रकाशनसंस्थेने 'लोलिता' काढण्याचे ठरवले. १९५९ च्या आरंभी मतदारसंघातील पक्षसदस्यांच्या मतदानात तो ९१ मतांनी हरला. एक पुस्तक छापण्याने काय गमवावे लागते हे त्याला ठाऊक होते. १९६७ मध्ये सिसिंगहर्स्ट नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाले. नोल त्यापूर्वीच, १९४६ मध्ये, गेले होते. घरे हातातून गेली, कागद राहिले. रोजनिशांचा दुसरा खंड निघाला ते वर्षही १९६७ च होते.