हार चढण्यापूर्वी

सातारा-सांगलीकडील आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची तसबीर बहुधा निधनानंतरच भिंतीवर येते. मुंबईचे व्यक्तिचित्रकार वासुदेव कामत यांनी मात्र आपल्या पत्नीचे तैलचित्र भर संसारात रंगविले. अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीने २००६ साली त्यास ड्रेपर महापुरस्कार दिला. औंधच्या भवानी संग्रहालयातील रविवर्म्याच्या सैरंध्रीस महाभारतकथेचे पाठबळ आहे; येथे केवळ एक गृहिणी आहे. छायाचित्र क्षण टिपते. तैलरंग सावकाश वाळतात, म्हणून चित्रकारास त्याच चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा परतता येते. नित्याच्या सहवासातील माणसाकडे असे परतणे, हीच आम्हांस या चित्राची थोरवी वाटते. वाचकहो, घरातील चेहरे हार चढण्यापूर्वीच डोळे भरून पाहू या.